आधी नळ, मग गटार, शेवटी रस्ता

मा. संपादक,
स. न. वि. वि.

डिसेंबर २०२५ मध्ये निवडणुका झाल्या आणि कोकण किनाऱ्यावरच्या नगर परिषदांत कित्येक वर्षांच्या प्रशासक राजवटीनंतर पुन्हा लोकांनी निवडून दिलेली माणसे बसली. विषय समित्या बनल्या की विषयपत्रिकेवर ठरलेली ओळ येतेच : ‘प्रभाग क्रमांक अमुकमधील अंतर्गत रस्त्याचे काँक्रीटीकरण करणे’. हात वर होतात, ठराव मंजूर होतो, नारळ फुटतो. त्या ठरावात रस्त्याची लांबी, रुंदी आणि रक्कम असते. रस्त्याखाली काय आहे, किती वर्षांचे आहे आणि ते बदलायचे कधी, याबद्दल अक्षर नसते. आमचे सांगणे एवढ्यापुरतेच आहे. खालची नळवाहिनी आणि कडेचे गटार यांचा निकाल लागल्याशिवाय बांधकाम समितीने एकाही रस्त्याच्या काँक्रीटला मान्यता देऊ नये.

आधी रस्ता आणि मग नळ अशी उलटापालट होते, तिचे कारण कुणाचा आळस नाही. कारण कागदाच्या रचनेत आहे. १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमाप्रमाणे सार्वजनिक बांधकाम, पाणीपुरवठा व जलनिस्सारण, स्वच्छता व आरोग्य या विषयांच्या समित्या वेगवेगळ्या असतात. पैसेही वेगवेगळ्या वाटांनी येतात. रस्त्याला जिल्हा नियोजन समितीकडून किंवा राज्याच्या नगरोत्थान योजनेतून, पाण्याला ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या अमृत २.० योजनेतून. पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१-२६ च्या अनुदानातला साठ टक्के भाग तर पाणी आणि स्वच्छतेलाच बांधलेला होता. प्रत्येक योजनेचे अंदाजपत्रक वेगळे, ठेकेदार वेगळा, मुदत वेगळी. रस्त्याची फाइल लहान, म्हणून ती आधी धावते. पाण्याच्या योजनेला तांत्रिक मान्यता मिळेपर्यंत रस्ता होऊन जातो, आणि मग नव्या रस्त्याच्या मधोमध तो फोडायचा ब्रेकर लागतो.

पाण्यापासून सुरुवात करू, कारण खरी गुंतागुंत तिथेच आहे.

किनाऱ्यावरच्या जुन्या गावठाणांत अजून बिडाच्या आणि सिमेंटच्या वाहिन्या आहेत, आणि त्यांच्यावरून घरात गेलेली जोडणी अर्ध्या इंची जीआय, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडी, पाइपची. खाऱ्या हवेत आणि मचूळ ओलीत जीआय पाइप बाहेरून गंजतो, आणि सर्वांत आधी गंजतो तो गटार ओलांडतो त्या दोन फुटांत. तिथे तो कधी भिजतो, कधी सुकतो, वर साबणाचे पाणी. त्याला भोक पडले तरी पाणी चालू असताना धार गटारात जाते, म्हणून कुणाला पत्ता लागत नाही. पाणी बंद झाले की उलटे होते. उतारावरच्या गावात वरच्या आळीतले पाणी खालच्या नळांतून निथळते, वाहिनीत पोकळी तयार होते आणि त्याच भोकातून गटाराचे पाणी आत ओढले जाते. दुसऱ्या दिवशी पहिल्या पाच मिनिटांचे पाणी ज्याच्या हंड्यात पडते, त्याच्या घरी कावीळ किंवा विषमज्वर येतो. दिवसाला दीड-दोन तास पाणी देणाऱ्या प्रत्येक गावात हा धोका रोजचा आहे.

गळतीचा आकडाही समिती सदस्यांनी एकदा करून पाहावा. वाहिनीत वीस मीटर उंचीइतका दाब असेल आणि भोक फक्त पाच मिलिमीटरचे असेल, तर तासाला सुमारे ८४० लिटर पाणी जाते. दोन तास पुरवठा धरला तर रोज १,६८० लिटर. माणशी १३५ लिटरच्या हिशेबाने हे बारा माणसांचे पाणी झाले. अशी भोके एका आळीत चार असली तर नवे धरण कशाला शोधायचे, हा प्रश्न एप्रिल महिन्यात टँकरच्या ठरावावर सही करताना मनात यायला हवा. वर्षाला तीन हजार मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झेलणाऱ्या पट्ट्यात उन्हाळ्यात टँकर फिरतात. जांभ्यात पाणी ठरत नाही हे एक कारण. साठवलेले पाणी वाटेत गळते हे दुसरे, आणि ते नगर परिषदेच्या हातातले आहे.

म्हणून रस्ता करायच्या गल्लीत मुख्य वाहिनी जुनी असेल तर आधी ती बदलावी. वाहिनी चांगली असेल तरी घरजोडण्या तेवढ्या सगळ्या बदलाव्यात. जोडणी एमडीपीई (मध्यम घनतेच्या प्लॅस्टिकच्या) नळीची, मुख्य वाहिनीवर नीट मापाचे सॅडल (वाहिनीला कवळणारी पकड), त्यावर फेरूल (घरजोडणीची छोटी तोटी), आणि गटार ओलांडताना ती गटाराच्या तळाखालून किंवा भिंतीच्या माथ्याजवळून बाहेरच्या जाड नळीत घालून. गटाराच्या पोटातून एकही नळी जाता कामा नये. तिथे पालापाचोळा, पिशव्या अडकतात आणि गटारही तुंबते. मोकळ्या प्लॉटसाठीही हद्दीपर्यंत नळी टाकून तोंड बंद करून ठेवावी. कोकणात चाकरमानी आज ना उद्या घर बांधतोच, आणि त्या दिवशी नवा रस्ता फुटतो.

चर किती खोल घ्यायचा यावरही ठरावात आकडा हवा. वाहनांच्या रस्त्याखाली नळीच्या माथ्यावर किमान नव्वद सेंटीमीटर ते एक मीटर भराव पाहिजे. इथे कातळ लागला की ठेकेदार अर्ध्या मीटरवर थांबतो, आणि ‘खडक लागला’ म्हणून तेवढ्यावर सही होते. मग रोड रोलर फिरला की सांधा हलतो. कातळात चर खणल्यावर तळाला टोके राहतात. त्यावर थेट एचडीपीई (जास्त घनतेच्या प्लॅस्टिकचा) पाइप ठेवला तर वरच्या वजनाने टोक नळीत रुतते आणि दोन-तीन वर्षांनी बरोबर तिथेच चीर पडते. तळाला दहा ते पंधरा सेंटीमीटर वाळू किंवा बारीक ग्रीट, नळीच्या दोन्ही बाजूंना आणि माथ्यावर पंधरा-वीस सेंटीमीटरपर्यंत तेच, आणि त्यानंतर खणलेला मुरूम वीस-वीस सेंटीमीटरच्या थरांत पाणी मारून धुमसायचा. मालवण, वेंगुर्ले, गुहागरसारख्या पुळणीच्या गावांत अडचण वेगळी. वाळूत चराच्या भिंती ढासळतात, दीड मीटरवर पाणी लागते, आणि रिकामा एचडीपीई पाइप पाणी भरलेल्या चरात चक्क तरंगतो. तिथे फळ्यांचा आधार, उपसा पंप आणि नळी टाकताच तिच्यावर भराव, असा क्रम लागतो. सिंधुदुर्गातले अंदाजपत्रक रत्नागिरीच्या सड्यावरच्या (कातळपठारावरच्या) कामाची नक्कल असेल तर तिथेच चूक आहे.

दाबाचा हिशेब तर आमच्या भागात फारच महत्त्वाचा. टाकी सड्यावर आणि बाजारपेठ खाडीकाठी, मध्ये साठ मीटरचा फरक, अशी गावे आहेत. दहा मीटर उंचीला ढोबळ मानाने चौरस सेंटीमीटरला एक किलो दाब, म्हणजे खाली सहा किलो. सहा किलोचा पाइप तिथे कागदावर बसतो, पण व्हॉल्व्ह झटकन बंद केला की बसणारा पाण्याचा धक्का त्याहून मोठा असतो. तिथे दहा किलोच्या दर्जाचा पाइप तरी घ्यावा किंवा मधल्या उंचीवर बीपीटी, म्हणजे दाब तोडणारी टाकी, बांधावी. चढावाच्या माथ्यावर हवेचा व्हॉल्व्ह नसेल तर हवा कोंडते, वरच्या घरांना पाणी येत नाही, आणि तक्रार आली की पंपाचे तास वाढवले जातात. वीजबिल वाढते, पाणी तेवढेच राहते. सखल टोकाला गाळ काढायचा व्हॉल्व्ह हवा आणि त्याचे पाणी पऱ्यात (ओढ्यात) सोडायची वाट हवी.

नवी वाहिनी बुजवण्याआधी तिची दाबचाचणी घ्यायची असते. कामाच्या दाबाच्या दीडपट दाब ठेवून सांधे उघडे असतानाच पाहायचे. प्रत्यक्षात पुष्कळदा आधी चर बुजतो आणि मग ‘पाणी सोडून पाहिले’ असे लिहिले जाते. समितीने एवढेच विचारावे की चाचणीच्या दिवशी दाबमापकावर किती किलो दाब होता, तो किती वेळ टिकला आणि हजर कोण होते. त्यानंतर निर्जंतुकीकरण. आतून दीडशे मिलिमीटर व्यासाच्या शंभर मीटर वाहिनीत सुमारे १,७७० लिटर पाणी मावते. लिटरमागे २५ मिलिग्रॅम क्लोरीन द्यायचे तर ४४ ग्रॅम क्लोरीन, आणि पंचवीस टक्के ताकदीची ब्लीचिंग पावडर असेल तर जेमतेम १८० ग्रॅम पावडर. चोवीस तास कोंडून ठेवायचे, मग धुऊन सोडायचे. काम इतके स्वस्त आहे आणि तरी राहून जाते. पावडरीचे पोते गोदामात पावसाळाभर उघडे राहिलेले असेल तर तिची ताकद निम्म्यावर येते, तेव्हा आधी ती तपासावी. रोजच्या पुरवठ्यात शेवटच्या नळाला लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरले पाहिजे. टाकीपाशी घेतलेला नमुना त्या आळीबद्दल काहीच सांगत नाही.

व्हॉल्व्हचे चेंबर हा लहान वाटणारा विषय आहे, पण गाव याच गोष्टीने वेठीला धरले जाते. काँक्रीट ओतताना चेंबर गाडले गेले की त्या गल्लीतला साधा फेरूल गळला तरी अर्ध्या गावाचे पाणी बंद करावे लागते. रस्त्याची पातळी जेवढी वाढणार तेवढी चेंबरची मान आधी उचलून घ्यावी, झाकण रस्त्याच्या पातळीला बसवावे, आणि प्रत्येक व्हॉल्व्हचे अंतर जवळच्या दोन कायम खुणांपासून टेपने मोजून वहीत लिहावे. खुणा म्हणजे देवळाची पायरी, विहिरीचा कठडा, चिऱ्याच्या गडग्याचा कोपरा. विजेचा खांब खूण म्हणून घेऊ नये, तो हलतो. मोबाइलवरचे ठिकाण पाच-सात मीटर इकडे तिकडे दाखवते, आणि काँक्रीटमध्ये पाच मीटर म्हणजे चार ठिकाणी फोडाफोड. ही वही कुठल्या तरी एका फिटरच्या डोक्यात असते. तो निवृत्त झाला की नकाशा संपला.

आता गटार.

गटाराचा आकार ‘नेहमीप्रमाणे’ ठरवू नये, पावसावरून ठरवावा. कोकणात तासाला शंभर मिलिमीटर दराने पाऊस पडणे नवलाचे नाही. एक हेक्टर, म्हणजे अडीच एकर बांधलेल्या वस्तीवर तसा पाऊस कोसळला आणि त्यातला ऐंशी टक्के वाहून आला, तर सेकंदाला सुमारे २२० लिटर पाणी गटाराच्या तोंडाशी येते. पंचेचाळीस सेंटीमीटर रुंद, तेवढीच खोल पाण्याची धार आणि दोनशे मीटरला एक मीटर उतार असलेले स्वच्छ सिमेंटचे गटार सेकंदाला अंदाजे २७० लिटर नेते. म्हणजे ते सव्वा हेक्टरला पुरते, त्यापुढे नाही. उतार हजाराला एक इतका सपाट झाला की तेच गटार १२० लिटरवर येते. आणि उतार चांगला असूनही निम्म्या उंचीपर्यंत गाळ साचला असेल तर ११० लिटर. मे अखेरीस गाळ काढण्याचा ठराव याच कारणाने महत्त्वाचा आहे. काढलेला गाळ गटाराच्या काठावर ठेवला तर पहिल्या सरीत तो परत आत जातो. तो उचलून नेण्याचा खर्च त्याच निविदेत धरावा.

वरच्या वाडीचा पऱ्या कुठे येतो, हे अंदाजपत्रकात दिसत नाही. गटार रस्त्याच्या लांबीइतके धरले जाते आणि मोरीपाशी, म्हणजे रस्त्याखालून पाणी पलीकडे नेणाऱ्या नळीपाशी, संपते. मोरी मात्र साठ सेंटीमीटरच्या एका नळीची, आजोबांच्या काळातली. गटार मोठे केले आणि मोरी तीच ठेवली तर पाणी मोरीच्या अलीकडे तुंबून दुकानांत शिरते. खालून वर मोजत यावे. आधी खाडीचे तोंड, मग मोरी, मग गटार.

खाडीच्या तोंडाची गोष्ट आणखी निराळी. भरती साधारण साडेबारा तासांनी परत येते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला खाडीचे पाणी गटाराच्या तळापेक्षा वर चढले की गटार बाहेर वाहायचे थांबते, आणि झडप नसेल तर उलटे गावात वाहते. त्याच वेळी जोराचा पाऊस आला तर पाण्याला जायला जागाच उरत नाही. २२ जुलै २०२१ ला चिपळूणमध्ये वाशिष्ठीच्या पुराने जे झाले ते गटारांच्या आवाक्यातले नव्हते, ती नदीची गोष्ट होती. पण दरवर्षी कित्येक खाडीकाठच्या बाजारपेठांत गुडघाभर पाणी येते ते मात्र गटाराच्या तोंडाचे दुखणे आहे. तोंडाशी भरतीच्या दाबाने आपोआप मिटणारी झडप बसवावी आणि तिच्यामागे गावाच्या बाजूला तीन-चार तासांचे पाणी साठेल इतकी सखल मोकळी जागा राखावी. असलेली खाजणे भराव घालून बुजवू नयेत, ती हीच जागा आहे. झडपेची बिजागरी लोखंडी असेल तर खाऱ्या पाण्यात ती दोन पावसाळ्यांत जाम होते. स्टेनलेस बिजागरी आणि रबरी पाते घ्यावे, आणि पावसाळ्यात दर आठवड्याला तिच्यात अडकलेल्या पिशव्या, नारळाच्या सोडणांचे तुकडे काढायला माणूस नेमावा. पाते अर्धे उघडे राहिले तर झडप नसल्यासारखीच.

गटाराच्या भिंतींना पाझरभोके ठेवावीत. जांभ्यातून पाऊस थांबल्यावरही कित्येक आठवडे पाणी झिरपत राहते. त्याला वाट नसेल तर ते मागून रेटते आणि सरळ बांधलेली भिंत आत झुकते. दर सव्वा-दीड मीटरला पन्नास ते पंचाहत्तर मिलिमीटरचे भोक आणि त्यामागे ओंजळभर खडी, एवढेच पुरते. झाकणे जागेवर ओतून सलग करू नयेत, पुढे गाळ काढायला ती फोडावी लागतात. साठ बाय पंचेचाळीस सेंटीमीटर, दहा सेंटीमीटर जाडीचे सुटे झाकण सुमारे ६७ किलोचे होते. दोन माणसे आकडीने उचलतात. ही झाकणे पायी आणि दुचाकीच्या जागेसाठी. गाडी चढते तिथे जाडी आणि सळई वेगळी काढावी. समुद्राच्या हवेत सळईवर काँक्रीटचे पांघरूण किमान पंचेचाळीस मिलिमीटर आणि काँक्रीट एम-३० प्रतीचे हवे. वीस मिलिमीटर ठेवले की सळई गंजून फुगते, खालचा पोपडा सुटतो आणि एक दिवस कुणाचा तरी पाय आत जातो.

इतके झाल्यावर रस्त्याकडे यावे.

सर्वांत मोठी चूक पातळीची. जुने डांबर न काढता त्यावर वीस सेंटीमीटर काँक्रीट ओतले की रस्ता घरांच्या जोत्यापेक्षा वर जातो. मग ओटीवर पाणी, आणि घरमालक दारात विटांचा बांध घालतो. जुना थर खरवडून काढण्याची बाब अंदाजपत्रकात असते का, आणि असली तर मोजमाप पुस्तकात तिची खोली लिहिलेली असते का, हे समितीने पाहावे. काम सुरू होण्याआधी प्रत्येक जोत्याची आणि गटाराच्या काठाची पातळी घेऊन एका तक्त्यात मांडावी. रस्त्याला दोन टक्के आडवा उतार हवा. चार मीटर रुंद गल्लीत एका बाजूला उतार दिला तर तो आठ सेंटीमीटर होतो. आणि गटाराच्या काठाला दर पाच-सहा मीटरवर पाणी आत जाण्याची खिडकी ठेवावी. रस्त्याच्या काठाला खिडकी नसल्यामुळे गटार रिकामे आणि रस्ता वाहतोय, हे दृश्य दर जुलैत दिसते.

प्रत्येक गल्लीला काँक्रीटच कशाला, हाही प्रश्न आहे. ज्या पाखाडीत, ज्या अरुंद बोळात ट्रक येतच नाही आणि खाली चार सेवावाहिन्या आहेत, तिथे साठ मिलिमीटरचे पेव्हर ब्लॉक जास्त उपयोगी. रिक्षा-टेम्पो जात असेल तर ऐंशी मिलिमीटर. खालचा पाया धुमसलेला, वर पंचवीस ते चाळीस मिलिमीटर वाळू आणि दोन्ही काठांना पक्की कडी हवी. कडी नसेल तर पहिल्या पावसात वाळू निसटते आणि ब्लॉक डुगडुगतात. पण गळती लागली तर दोन तासांत उचलून परत बसवता येतात. तीव्र चढावावर मात्र ते टिकत नाहीत, तिथे काँक्रीट किंवा चिऱ्याच्या पायऱ्याच बऱ्या.

काँक्रीटचे काम इथे मार्च अखेरच्या घाईत निघते आणि एप्रिल-मेमध्ये ओतले जाते. नेमक्या त्याच दिवसांत गावाला एक दिवसाआड पाणी असते. नवे काँक्रीट भिजत ठेवायला शंभर मीटर लांब, चार मीटर रुंद रस्त्यावर वाफे करून अडीच सेंटीमीटर पाणी उभे करायचे तर पहिल्यांदा दहा हजार लिटर लागते. रोजचे बाष्पीभवन सहा मिलिमीटर धरले तर त्यानंतर दिवसाला २,४०० लिटर. चौदा दिवसांचे मिळून ४३ ते ४४ हजार लिटर, म्हणजे पाच हजारांचे नऊ टँकर, आणि त्यात गळणारे पाणी धरलेले नाही. हे पाणी कुठून आणणार, हे ठरावाच्या वेळी कुणी विचारत नाही. मग एकतर तीन दिवस गोणपाट ओले करून काम उरकतात किंवा खाडीचे पाणी मारतात. खारे पाणी काँक्रीट कालवायलाही नको आणि भिजवायलाही नको, कारण सांध्यांत टाकलेल्या सळया त्याने कुजतात. न धुतलेल्या खाडीच्या वाळूचेही तेच. नीट पाणी न मिळालेला रस्ता वरून गुळगुळीत दिसतो. पहिल्या पावसाळ्यानंतर त्याची भुकटी निघून खडी उघडी पडते, आणि दोष सिमेंटच्या कंपनीला दिला जातो. उन्हाळ्यात ओतायचेच असेल तर संध्याकाळी ओतावे, ओल्या गोणपाटावर प्लॅस्टिकचा कागद दाबून ठेवावा, म्हणजे पाणी पुष्कळ वाचते, किंवा क्युरिंग कंपाउंडची, म्हणजे काँक्रीटमधली ओल धरून ठेवणाऱ्या रसायनाची, फवारणी निविदेत धरावी.

सांधे वेळेवर कापणे हे दुसरे. वीस सेंटीमीटरच्या थराला दर चार मीटरला किंवा त्याहून जवळ, पाच ते साडेसहा सेंटीमीटर खोल काप हवा, आणि तो हवामानाप्रमाणे सहा ते अठरा तासांत झाला पाहिजे. कटर मशीन दुसऱ्या गावाहून ‘परवा येणार’ असेल तर काँक्रीट स्वतःच आपली चीर पाडून घेते, वेडीवाकडी. व्हॉल्व्हच्या चेंबरभोवती चौकटीने मऊ फळी घालून ते काँक्रीटपासून सुटे ठेवावे आणि सांधा चेंबरच्या कडेला जुळवून घ्यावा. नाहीतर चेंबरच्या कोपऱ्यातून चीर निघतेच.

काँक्रीटच्या आधी दर तीस ते पन्नास मीटरवर रस्त्याला आडव्या ११० मिलिमीटरच्या रिकाम्या नळ्या टाकून, त्यांत नायलॉनची दोरी ओवून, दोन्ही तोंडे बंद करून ठेवाव्यात. जून २०२० च्या निसर्ग वादळात खांब पडून पंप बंद पडले, तेव्हापासून किनाऱ्यावर भूमिगत विजेची मागणी वाढली आहे. इंटरनेटच्या तारा तर रोज येतात. रस्त्याच्या एकूण खर्चात या नळ्यांचा खर्च नगण्य आहे. दिव्यांच्या खांबांचे पाये आणि केबलही याच वेळी घ्यावेत, त्याबद्दल वेगळे सांगायला नको.

सांडपाण्याचा मुद्दा थोडक्यात. बहुतेक गावांत मलवाहिन्या नाहीत, सेप्टिक टाकी आणि शोषखड्डा आहे. शोषखड्डा विहिरीपासून किमान अठरा मीटर हवा, आणि भेगाळ जांभ्यात तेवढेही कमी पडू शकते. जागा नाही म्हणून टाकीचा निचरा सरळ गटारात जोडला जातो. नवे गटार बांधताना अशी तोंडे उघडी दिसतात. ती मोजून, घरागणिक यादी करून आरोग्य समितीकडे द्यावी. भिंत बांधून झाल्यावर ती पुन्हा दिसणार नाहीत.

‘हे सगळे करत बसलो तर निधी परत जाईल’ हा आक्षेप आम्हाला ठाऊक आहे, आणि तो खोटा नाही. म्हणून या वर्षापुरती मधली वाट अशी. हातात असलेल्या रस्त्याच्या अंदाजपत्रकातच घरजोडण्या, आडव्या नळ्या, चेंबरच्या माना आणि गटाराची तोंडे या बाबी घालाव्यात, लांबी गरजेप्रमाणे कमी करावी. तीनशे मीटर अर्धवट करण्यापेक्षा दोनशे मीटर खालपासून पूर्ण करावे. ज्या गल्लीत अमृतची मुख्य वाहिनी येणार हे ठरलेले आहे तिथे काँक्रीट घेऊच नये. चर धुमसून त्यावर खडीचा थर दाबून पावसाळा काढावा. बसायचा तो भराव या पावसात बसेल आणि नोव्हेंबरात त्यावर पक्का रस्ता करता येईल. पुढच्या वर्षासाठी नळ ऑक्टोबर ते डिसेंबर, गटार जानेवारी-फेब्रुवारीत आणि काँक्रीट मार्चच्या मध्याआधी, असा क्रम धरला तर गावाच्या विहिरी-तळ्यांत अजून पाणी असते आणि भिजवणी उपाशी राहत नाही. त्यासाठी निविदा गणपतीच्या आसपास निघाली पाहिजे.

बांधकाम आणि पाणीपुरवठा या दोन्ही समित्यांची एकत्र बैठक दर तीन महिन्यांनी व्हावी आणि प्रत्येक रस्त्याच्या विषयाला एक पानी तक्ता जोडावा. त्यात वाहिनीचा प्रकार आणि वय, घरजोडण्यांची संख्या, व्हॉल्व्हची ठिकाणे, गटाराचा उतार, मोरीचे माप, जोत्यांची पातळी हे असावे. वेंगुर्ल्यासारख्या लहान नगर परिषदेने घराघरात कचरा वेगळा करून घेऊन कचरा डेपोची जागा पाहायला जावे अशी केली. तिथे लागली ती अशीच बारीक नोंद आणि रोजचा पाठपुरावा. हा तक्ता त्यापुढे काहीच अवघड नाही.

आणि सर्वेक्षण जानेवारीच्या उन्हात करू नये. येत्या जूनमध्ये पहिल्या मोठ्या पावसाच्या दिवशी, शक्यतो उधाणाच्या भरतीला, प्रत्येक मोरीशी आणि खाडीच्या प्रत्येक तोंडाशी एक कर्मचारी रंगाचा डबा घेऊन उभा करावा. पाणी कुठवर चढले ती रेघ चिऱ्यावर ओढावी, शेजारी वेळ आणि तारीख लिहावी. ऑगस्टमध्ये लेव्हल मशीन लावून त्या रेघांची उंची घ्यावी आणि पुढच्या अंदाजपत्रकातला गटाराचा तळ त्या उंचीवरून काढावा.

आपले,
किनाऱ्यावरील नगर परिषदांच्या बांधकाम व पाणीपुरवठा कामांतून निवृत्त झालेले काही कर्मचारी